वाचक, वेदीसेवक, गायक: मिस्सेत प्रापंचिक जी सेवा करतात ती नेमकी कोणाची?

एखाद्या रविवारी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेला, तीन पाहुणे धर्मगुरू आले आणि सहयाजक म्हणून, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंबरोबर मिस्सा अर्पण करण्यासाठी, वेदीजवळ उभे राहिले, असे समजू. प्रमुख धर्मगुरू धरून आता चार धर्मगुरू आहेत. त्या दिवशीच्या सेवेच्या यादीत दोन प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांची, नावे आहेत. त्यांपैकी एक जण पवित्र शास्त्रातील पहिले वाचन करणार आहे आणि दुसरी व्यक्ती श्रद्धावंतांना पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, देणार आहे. चर्चच्या नियमाप्रमाणे पहिल्या व्यक्तीने आपले वाचन करायचेच आहे. वेदीजवळ चार धर्मगुरू असले म्हणून ते काम त्यांच्याकडे जात नाही. दुसऱ्या व्यक्तीने मात्र त्या दिवशी आपल्या बाकावरच बसून राहायचे आहे, कारण कम्युनियन देण्यासाठी पुरेसे धर्मगुरू हजर आहेत.

दोघेही प्रापंचिक, दोघांनीही प्रशिक्षण घेतलेले, दोघांचीही नेमणूक रीतसर झालेली, आणि तरीही एकाच प्रसंगी दोघांना दोन वेगळे नियम का लागू होतात, हा प्रश्न नीट समजला की मिस्सेतील सगळ्या सेवांची मांडणी उलगडत जाते. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा असतो की वाचक, वेदीसेवक, गायक, कम्युनियन देणारे हे सगळे ‘फादरांना मदत’ करतात. काही सेवांच्या बाबतीत हे खरे आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. वाचन ही जर फादरांना मदत असती, तर चार फादर हजर असताना वाचकाची गरजच उरली नसती.

मुळापासून पाहू. प्रापंचिक म्हणजे ज्यांना गुरुदीक्षा मिळालेली नाही असे सर्व स्नानसंस्कारित, म्हणजे बाप्तिस्मा झालेले, श्रद्धावंत. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात असे शिकवले की स्नानसंस्कारामुळे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी होते. हे सर्वांचे सामान्य याजकपण आणि दीक्षित धर्मगुरूंचे सेवायाजकपण यांत केवळ कमीअधिकपणाचा फरक नाही, ती दोन्ही स्वरूपानेच वेगळी आहेत. परंतु ती एकमेकांसाठी आहेत आणि दोन्हींचा उगम एकच, म्हणजे ख्रिस्त, हेही तेथेच सांगितले आहे. त्यामुळे मिस्सा ही धर्मगुरूंनी करायची आणि लोकांनी पाहायची गोष्ट राहत नाही. ती संपूर्ण मंडळीची कृती असते आणि तिच्यात ज्याचे त्याचे स्थान ठरलेले असते.

याच परिषदेने त्याआधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला होता. त्यातील अठ्ठाविसावे कलम या विषयाचा कणा आहे. त्याचा आशय असा, की उपासनेत प्रत्येकाने, मग तो दीक्षित असो वा प्रापंचिक, जे आपल्या वाट्याचे आहे ते सर्व करावे आणि तेवढेच करावे. या वाक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. प्रापंचिकाने धर्मगुरूंचे काम अंगावर घेऊ नये, हे सगळ्यांच्या लक्षात राहते. धर्मगुरूंनी प्रापंचिकाचे काम स्वतः उरकून टाकू नये, हे मात्र सहसा विसरले जाते. पुढच्याच कलमात वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि गायकवृंद हे खरीखुरी उपासनासेवा करतात, असे स्पष्ट म्हटले आहे.

ही काही विसाव्या शतकातील नवी कल्पना नाही. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शहरात आणि खेड्यांत राहणारे सगळे एका ठिकाणी जमतात, वेळ असेल तोपर्यंत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाते, आणि वाचणारा थांबला की अध्यक्षस्थानी असलेला बोध करतो. म्हणजे वाचणारा एक आणि बोध करणारा दुसरा, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. उपस्थितांना भाकर आणि द्राक्षारस दिल्यानंतर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक, तो वाटा घेऊन जातात, आणि ऐपतदार लोक स्वेच्छेने जे देतात त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाते, असेही जस्टिन यांनी नोंदवले आहे.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २५१ च्या सुमारास, पोप कॉर्नेलियस यांनी अंत्युखियाचे बिशप फॅबियस यांना पत्र लिहिले. ते इतिहासकार युसेबियस यांच्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्या पत्रात रोमच्या चर्चमधील सेवकांची मोजदाद आहे: ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, म्हणजे वेदीशी निगडित सेवक, आणि भूतनिवारक, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण. शिवाय चर्च ज्यांना पोसत होते अशा विधवा आणि गरजू व्यक्तींची संख्या १५०० हून अधिक होती. ही यादी वाचताना मला नेहमी जाणवते ते हे, की छळाच्या त्या काळातही रोमच्या मंडळीत द्वारपाल हा मोजण्याइतका महत्त्वाचा सेवक होता.

पुढे शतकानुशतके या सेवा हळूहळू गुरुदीक्षेकडे जाणाऱ्या पायऱ्या बनल्या. द्वारपाल, वाचक, भूतनिवारक आणि अकोलाइट या चार ‘लहान दीक्षा’ सेमिनरीतील, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातील, उमेदवार एकामागून एक घेत आणि पुढे जात. त्या दीक्षांचे प्रत्यक्ष काम मात्र बहुतेक ठिकाणी उरले नव्हते. अकोलाइटचे काम वेदीजवळची मुले करत, तर वाचने लॅटिनमध्ये धर्मगुरूच वाचत. लोक श्रद्धेने हजर राहत, पण आपापल्या प्रार्थना म्हणत.

पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२ रोजी या लहान दीक्षा रद्द केल्या. त्यांच्या जागी वाचक आणि अकोलाइट या दोन सेवा ठेवल्या गेल्या आणि त्या गुरुदीक्षेच्या उमेदवारांपुरत्या मर्यादित नाहीत, प्रापंचिकांनाही सोपवता येतील, असे ठरले. मात्र विधिपूर्वक नेमणूक फक्त पुरुषांचीच होईल, ही अट राहिली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील २३० व्या कलमाने हीच अट कायम ठेवली, परंतु त्याच कलमात तात्पुरत्या नेमणुकीने स्त्रीपुरुष दोघांनाही वाचन करता येईल, अशी तरतूद केली. परिणामी जगभरातील असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे दर रविवारी वाचन करत राहिल्या, पण त्यांची नेमणूक कायम ‘तात्पुरती’च राहिली. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या कलमातील ‘पुरुष’ हा शब्द काढून वाचक आणि अकोलाइट या दोन्ही विधिपूर्वक सेवा स्त्रियांसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी १० मे रोजी त्यांनी धर्मशिक्षक ही तिसरी विधिपूर्वक सेवा स्थापन केली. माझ्या मते २०२१ चा बदल हा आधीच्या मांडणीतूनच निघणारा निष्कर्ष होता: सेवेचा आधार जर स्नानसंस्कार असेल, तर तो संस्कार स्त्री आणि पुरुष यांना वेगवेगळा मिळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावरून धर्मग्रामांत वारंवार गोंधळ होतो. विधिपूर्वक नेमलेला वाचक आणि यादीप्रमाणे पाळीपाळीने वाचणारी व्यक्ती हे सारखे नाहीत. पहिल्याची नेमणूक बिशप एका विधीत करतात आणि ती स्थिर स्वरूपाची असते. ती गुरुदीक्षा नव्हे, त्या व्यक्तीचे प्रापंचिकपण तसेच राहते. दुसऱ्याची नेमणूक धर्मग्रामाच्या पातळीवर आणि गरजेनुसार होते. आपल्याला रविवारी दिसणारे बहुतेक वाचक दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यामुळे त्यांचे वाचन कमी दर्जाचे ठरत नाही. वाचनपीठावर उभे राहिल्यावर दोघेही एकच काम करत असतात.

ते काम काय आहे, हे थोडे जवळून पाहू, कारण माझ्या मते सर्व सेवांमध्ये सर्वाधिक गृहीत धरली गेलेली सेवा हीच आहे. ज्याला अक्षरओळख आहे तो वाचू शकतो, असे मानून मिस्सा सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी कोणाला तरी ग्रंथासमोर उभे केले जाते. व्हॅटिकन परिषदेने पवित्र शास्त्राचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे खुले करावे, असे सांगितल्यावर १९६९ मध्ये नवी वाचनयोजना आली. तीत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात मांडली आहेत: शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या जीवनाविषयीच्या चार पुस्तकांपैकी, पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक. रविवारचे पहिले वाचन साधारणपणे जुन्या करारातून आणि त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी नाते जुळेल असे निवडलेले असते; पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या काळात, मात्र ते प्रेषितांच्या कृत्यांतून घेतात. सामान्यकाळात, म्हणजे सणांच्या विशेष काळांबाहेर, दुसरे वाचन नव्या करारातील पत्रांमधून सलग पुढे जात राहते, त्यामुळे ते पुष्कळदा युक्तिवादाच्या मध्यातच सुरू होते. ज्याने आदल्या रविवारचा भाग पाहिलेला नाही, त्याच्या तोंडून तो उतारा अधांतरी वाटतो.

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारचे पहिले वाचन घ्या. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय, पहिली अकरा वचने. त्यात पार्थी, मेदी, एलामी यांच्यापासून कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया आणि मिसरपर्यंत लोकांची आणि प्रांतांची नावे एकामागून एक येतात. तयारी न केलेला वाचक तेथे अडखळतो, घाईने पुढे सरकतो आणि ऐकणाऱ्यांना ती केवळ अवघड नावांची यादी वाटते. वास्तविक त्या उताऱ्याचा सगळा अर्थ त्या यादीतच आहे: इतक्या दूरदूरच्या लोकांना, ज्याला त्याला आपापल्या भाषेत, देवाची महत्कृत्ये ऐकू आली. ज्याने ती नावे घरी मोठ्याने दहा वेळा म्हटली आहेत, तोच त्यांच्यावर न अडखळता शेवटच्या वाक्यापर्यंत आवाज चढवत नेऊ शकतो. दुसरे उदाहरण इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचे आहे. त्याच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतची वचने मूळ ग्रीकमध्ये एकच प्रदीर्घ वाक्य आहेत. भाषांतरात त्याचे तुकडे केले असले तरी श्वास कोठे घ्यायचा आणि कोणत्या शब्दावर थांबायचे, हे आधी ठरवले नाही तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

वाचनपीठावरच्या काही बारीक गोष्टीही सांगण्यासारख्या आहेत. ग्रंथात लाल अक्षरांत छापलेले ‘पहिले वाचन’ हे शब्द वाचकासाठीची सूचना असतात. ते मोठ्याने वाचायचे नसतात. सुरुवात कोणत्या पुस्तकातून वाचन होत आहे, त्या वाक्याने होते. वाचन सुट्या कागदावरून किंवा पत्रकावरून न करता वाचनग्रंथातूनच करावे, कारण लोकांसमोर जे उघडे आहे ते देवाच्या शब्दाचे पुस्तक आहे, हे दिसलेही पाहिजे. शेवटच्या ओळीनंतर क्षणभर थांबून मगच समारोपाची घोषणा करावी, नाहीतर ती घोषणा उताऱ्याचेच शेवटचे वाक्य असल्यासारखी ऐकू येते. एकच वाचन दोघातिघांनी वाटून वाचणे योग्य मानलेले नाही. प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत तेवढा त्याला अपवाद आहे. दोन वाचने असतील तर ती दोन वेगळ्या वाचकांना देता येतात.

शुभवर्तमान मात्र प्रापंचिक वाचक वाचत नाही. ते डीकन वाचतात. डीकन नसतील तर सहयाजकांपैकी एखादे धर्मगुरू, आणि तेही नसतील तर स्वतः मुख्य याजक. शुभवर्तमानाला उभे राहून मान देणे, धूप देणे, क्रूसाची खूण करणे या सगळ्यांतून त्या वाचनाचे वेगळेपण दाखवले जाते.

पहिल्या वाचनानंतर येणारे स्तोत्र हा मधला विसावा नसून तेही देवाचा शब्दच आहे. म्हणून त्या जागी दुसरे कोणतेही भक्तिगीत घेता येत नाही. स्तोत्रगायक वाचनपीठावरून कडवी गातो आणि मंडळी ध्रुवपदाने प्रतिसाद देते. गायकवृंदाचे स्थानही असेच समजून घ्यायला हवे. तो मंडळीचाच एक भाग आहे, म्हणून त्याची बसण्याची जागाही ते नाते दिसेल अशी असावी, असे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचना सांगतात. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गीत सर्व लोकांचे आहे. जेव्हा गायकवृंद इतकी अवघड चाल निवडतो की बाकांवरचे लोक गप्प होतात, तेव्हा गाणे कितीही सुरेल झाले तरी मंडळीच्या वाट्याचे काम मंडळीकडून काढून घेतलेले असते.

गायकवृंदाचा इतिहास एका वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी सूचना काढल्या. त्यांत म्हटले होते की चर्चमधील गायक खरीखुरी उपासनासेवा करतात, आणि स्त्रियांना अशी सेवा करता येत नसल्यामुळे त्यांना गायकवृंदात घेता येणार नाही. साठ वर्षांनी परिषदेनेही गायकवृंदाची सेवा ही खरी उपासनासेवा आहे, हेच म्हटले; पण आता त्या सेवेचा पाया स्नानसंस्कारात सांगितला गेला होता आणि त्यामुळे स्त्रियांना वगळणारा निष्कर्ष गळून पडला.

वेदीसेवकांकडे लहान मुलांची शोभा म्हणून पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे. क्रूस आणि मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीत चालणे, धर्मगुरू प्रार्थना म्हणत असताना मिस्साग्रंथ धरणे, अर्पणविधीच्या वेळी चषक आणि पाण्याद्राक्षारसाच्या कुप्या आणून देणे, धर्मगुरूंच्या हातांवर पाणी घालणे, ही कामे दिसायला साधी आहेत. पण त्यांतले एक जरी चुकले तरी मिस्सेची लय तुटते. धुपाटण्यातील कोळसा शुभवर्तमानाच्या वेळी नीट फुललेला असायला हवा असेल, तर तो कित्येक मिनिटे आधी पेटवावा लागतो. म्हणजे वाचने चालू असताना पुढच्या क्षणाचे भान कोणाला तरी ठेवावेच लागते, आणि ते भान बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शांतपणे ठेवते, ही मला मोठी गोष्ट वाटते. मुलींना वेदीसेवेची परवानगी देता येईल, असे रोमने १५ मार्च १९९४ च्या पत्राने स्पष्ट केले आणि निर्णय प्रत्येक बिशपांवर सोपवला. वेदीसेवकांचे आश्रयसंत टार्सिसियस हे रोमचे प्रारंभीच्या काळातील हुतात्मा होते. चौथ्या शतकातील पोप दमासस यांनी त्यांच्याविषयी लिहिलेल्या ओळींत, ख्रिस्ताचे पवित्र संस्कार घेऊन जात असताना त्यांनी ते जमावाच्या हाती देण्यापेक्षा मरण पत्करले, एवढेच सांगितले आहे. ते वयाने लहान मुलगा होते, हा तपशील नंतरच्या परंपरेतला आहे.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचे काम बहुधा शेवटच्या क्षणी कोणाकडे तरी सोपवले जाते. ही प्रार्थना रोमन मिस्सेतून शतकांपूर्वी जवळजवळ नाहीशी झाली होती, केवळ उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) विधीत ती टिकून होती. परिषदेने ती पुन्हा आणली. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सर्व जगाचे तारण, मग कोणत्याही संकटाने पिडलेले लोक आणि शेवटी स्थानिक मंडळी. येथे एक बारकावा आहे. हेतू सांगणारी व्यक्ती देवाला उद्देशून बोलत नसते, ती मंडळीला कशासाठी प्रार्थना करायची ते सांगत असते. प्रार्थना करतात ते सगळे लोक, आणि तिचा प्रारंभ व समारोप धर्मगुरू करतात. हे कळले की हेतू आपोआप आटोपशीर होतात आणि त्यांचे छोटे प्रवचन होत नाही.

दाराशी स्वागत करणारे, जागा दाखवणारे, दान गोळा करणारे, सॅक्रिस्टीत, म्हणजे उपासनेच्या तयारीच्या खोलीत, वस्त्रे आणि पात्रे मांडून ठेवणारे, यांचाही उल्लेख मिस्साग्रंथाच्या सूचनांमध्ये उपासनेतील सेवा म्हणूनच आहे. दान गोळा करणे हा वर्गणीचा व्यवहार नाही. जस्टिन यांच्या काळापासून ते गरिबांच्या वाट्याशी जोडलेले आहे. म्हणूनच ते भाकर आणि द्राक्षारसाबरोबर पुढे आणले जाते, मात्र वेदीवर न ठेवता वेगळ्या योग्य जागी ठेवले जाते.

आता सुरुवातीच्या प्रश्नातील दुसऱ्या व्यक्तीकडे वळू. कम्युनियन देण्याचे साधारण सेवक तीन: बिशप, धर्मगुरू आणि डीकन. प्रापंचिक व्यक्ती हे काम गरजेपोटी करते, म्हणून तिला असाधारण सेवक म्हणतात. २९ जानेवारी १९७३ च्या दस्तऐवजाने ही सोय सर्व चर्चसाठी खुली केली. त्यामागची कारणे अगदी व्यावहारिक होती: धर्मगुरू कमी, कम्युनियन घेणारे खूप, आजारी आणि वृद्ध लोक घरी खिळलेले. २५ मार्च २००४ च्या सूचनेने मर्यादा अधिक नेमकेपणाने सांगितल्या. धर्मगुरू किंवा डीकन उपलब्ध नसतील, धर्मगुरू आजारपणामुळे किंवा वयामुळे असमर्थ असतील, अथवा लोकांची संख्या इतकी मोठी असेल की मिस्सा अवाजवी लांबेल, तेव्हाच असाधारण सेवकांनी पुढे यावे. मिस्सा थोडीशी लांबेल एवढे कारण पुरेसे नाही. पुरेसे धर्मगुरू हजर असताना त्यांनी बसून राहावे आणि प्रापंचिकांनी कम्युनियन द्यावे, ही पद्धत त्या सूचनेने स्पष्टपणे नाकारली आहे.

यातून दोघांमधील फरक उघड होतो. वाचनाची सेवा मुळात अध्यक्षस्थानी असलेल्या याजकाची नाहीच. ती वाचकाची स्वतःची आहे, आणि वाचक नसेल तरच ती दुसऱ्याकडे जाते. कम्युनियन देण्याची सेवा मुळात दीक्षित सेवकांची आहे, आणि ते अपुरे पडले तरच ती प्रापंचिकाकडे येते. म्हणून चार धर्मगुरू असताना बाकावर बसून राहणाऱ्या व्यक्तीचा अपमान होत नाही, आणि त्याच दिवशी वाचनपीठाकडे चालत जाणारी व्यक्ती कोणाची जागा घेत नसते. याच कारणाने असाधारण सेवक होणे ही धर्मग्रामातील मानाची पायरी समजू नये. जेथे एकच धर्मगुरू आणि समोर शेकडो लोक आहेत तेथे गरज खरी आहे, आणि तेथे ही सेवा करणाऱ्यांकडे संशयाने पाहणेही अन्यायाचे आहे.

ही सेवा प्रत्यक्षात कशी घडते तेही पाहण्यासारखे आहे. धर्मगुरूंनी स्वतः कम्युनियन घेतल्यानंतरच असाधारण सेवक वेदीजवळ येतात, आणि पात्र स्वतः उचलून न घेता धर्मगुरूंच्या हातून स्वीकारतात. समोर आलेल्या व्यक्तीला पवित्र भाकर किंचित उंच धरून दाखवायची, ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणायचे आणि ‘आमेन’ ऐकेपर्यंत थांबायचे. रांग लांब असली की हा थांबण्याचा क्षण सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि नेमका तोच त्या व्यक्तीच्या श्रद्धेच्या उच्चाराचा क्षण असतो. जेथे हातावर घेण्याची परवानगी आहे तेथे हातावर की जिभेवर, हे घेणारा ठरवतो, देणारा नाही. भाकर खाली पडली तर ती आदराने उचलून घ्यायची. पवित्र रक्त, म्हणजे चषकातील पवित्र द्राक्षारस, सांडले तर ती जागा पाण्याने धुऊन ते पाणी सॅक्रिस्टीत त्यासाठीच असलेल्या कुंडात सोडायचे. नंतर पात्रे शुद्ध करण्याचे काम धर्मगुरू, डीकन किंवा विधिपूर्वक नेमलेले अकोलाइट करतात.

आजाऱ्यांकडे कम्युनियन नेणारे सेवक चर्चमधून निघून शक्य तितके थेट त्या घरी जातात. वाटेत इतर कामे उरकायची नसतात. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी रविवारची मिस्सा त्या दारावरच्या थापेने येते, आणि या एका कामासाठी जरी ही सेवा असती तरी ती पुरेशी मोलाची ठरली असती.

ज्या गोष्टी प्रापंचिक करू शकत नाहीत त्यांचे कारणही याच मांडणीत आहे. मिस्सेतील प्रवचन दीक्षित सेवकांसाठी राखीव आहे, कारण ते शुभवर्तमानाच्या घोषणेचाच पुढचा भाग मानले जाते. ख्रिस्तयागाची मुख्य प्रार्थना आणि तिच्या शेवटची स्तुती धर्मगुरूच म्हणतात. लोकांचा वाटा तिच्यावरच्या मोठ्या ‘आमेन’मध्ये आहे आणि तो मोठ्या आवाजात यावा अशी अपेक्षा असते. भाकर मोडण्याचा विधी धर्मगुरू करतात, फार तर डीकन किंवा सहयाजक त्यांना साहाय्य करतात.

या सगळ्या चर्चेत एक धोका लपलेला असतो आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० डिसेंबर १९८८ च्या आपल्या पत्रात त्याकडे लक्ष वेधले होते: प्रापंचिकांना छोटे धर्मगुरू बनवण्याचा. वेदीजवळ जितके अधिक लोक, तितका सहभाग अधिक, असे मानले की बाकावर बसून मनापासून ऐकणारा, गाणारा, उत्तर देणारा माणूस ‘काहीच न करणारा’ ठरतो. परिषदेला अभिप्रेत असलेला सहभाग आधी त्याचा आहे. शिवाय प्रापंचिकांचे विशेष क्षेत्र म्हणजे घर, काम, व्यवसाय आणि समाज, हे त्याच परिषदेने सांगितले आहे. एकच व्यक्ती दर रविवारी वाचते, गाते, दान मोजते आणि कम्युनियनही देते, असे दिसले तर तिच्या निष्ठेविषयी शंका घेऊ नये, पण यादी करणाऱ्यांनी तिच्यावर भार किती टाकला आहे आणि इतरांना कधी विचारले होते का, हे जरूर पाहावे.

ज्यांना या सेवेत यायचे आहे त्यांच्यासाठी वाट सरळ आहे. प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे, आपल्याला काय जमेल हे त्यांना आणि स्वतःलाही तपासू द्यावे. असाधारण सेवकांसाठी पात्रतेच्या अटी, प्रशिक्षण आणि नेमणुकीची मुदत प्रत्येक धर्मप्रांत ठरवतो. मुदत संपली की सेवा दुसऱ्याच्या हाती देणे हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांनी धर्मप्रांताचे बालसुरक्षेचे नियम आधी समजून घेतले पाहिजेत. वाचन करू इच्छिणाऱ्यांनी आठवड्यातील एखाद्या दिवसाच्या मिस्सेपासून सुरुवात करावी, कारण त्या दिवशी सहसा शुभवर्तमानापूर्वी एकच वाचन असते. आदल्या रात्री तो उतारा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अध्यायासह वाचावा, अवघड नावे मोठ्याने म्हणावीत, आणि चर्चमध्ये थोडे लवकर जाऊन ग्रंथ योग्य पानावर उघडलेला आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे.